पांढरा बिल्ला

दारू सोडणाऱ्या बायकांच्या शनिवारच्या बैठकीत पहिल्या दिवसाचा पांढरा बिल्ला कुणाला हवा ते आधी विचारतात, वर्षाचा पितळी सगळ्यात शेवटी देतात. ट्रिनाला तोवर थांबायचं होतं. बाजूला बसलेल्या लोर्नाने कागदी पेल्यातल्या कॉफीकडे बघून तोंड वाकडं केलं. "बार्बची कॉफी पिऊनसुद्धा आपण दारूकडे वळलो नाही," ती पुटपुटली, "याचाच एक बिल्ला द्यायला हवा."

चर्चच्या तळघरात घडीच्या बारा खुर्च्या गोल मांडल्या होत्या. मधल्या टेबलावर वर्नाने घरून भाजून आणलेला केक होता, वर एकच मेणबत्ती. ट्रिनाने दारू सोडल्याला आज वर्ष झालं. इथे नव्या बाईला एक जुनी पाठराखीण मिळते आणि वर्षाचा बिल्ला तिनेच आपल्या हाताने द्यायचा, अशी रीत. ट्रिनाची पाठराखीण वर्ना. चौदा वर्षं दारूच्या थेंबालाही न शिवलेली. पितळी बिल्ला आल्यापासून तिच्या मुठीत होता.

बैठक चालवणाऱ्या बार्बने डब्यातून पांढरा बिल्ला काढून वर धरला. आज कुणाचा पहिला दिवस असेल, किंवा कुणाला परत पहिल्यापासून सुरुवात करायची असेल, तर तिने पुढे यावं, असं दर शनिवारी सांगते तसं सांगितलं. मग ती मनात तीन मोजते. कुणी उठलं नाही की बिल्ला डब्यात.

तीन व्हायच्या आत खुर्ची सरकली. वर्ना उठली होती.

यांना हल्ली कमी ऐकू येतं, माझीच पाळी आली असं वाटलं असेल, म्हणून ट्रिना हसत अर्धी उठलीसुद्धा. पण वर्ना तिच्याकडे न बघता बार्बपाशी गेली आणि तिने पांढरा बिल्ला घेतला.

"मी वर्ना," ती म्हणाली. "मी दारुडी. आज पहिला दिवस."

यावर सगळ्यांनी "ये, वर्ना" असं म्हणून तिचं स्वागत करायचं असतं. दोघी-तिघींनीच म्हटलं.

वर्ना उभ्यानेच बोलली. नाताळच्या आधीपासून चाललंय, म्हणाली. दुपारी एक पेला, मग दोन. आजही गप्प राहून केक कापता आला असता. पण या हाताने पोरीला वर्षाचा बिल्ला द्यायचा, ते काही जमेना.

कुणी बोलत असताना मध्ये प्रश्न विचारायचा नाही, हा इथला पहिला नियम. ट्रिनाने विचारला.

"फेब्रुवारीतसुद्धा?"

कुठला फेब्रुवारी, हे कुणाला सांगायला नको होतं. आईला पुरून आली त्या दुपारी ट्रिना दारूच्या दुकानासमोर गाडीत बसून होती, आणि वर्नाने फोनवर चाळीस मिनिटं तिला बोलतं ठेवलं होतं, ती गाडी घराकडे वळवीपर्यंत. ट्रिनानेच ते या खुर्च्यांवर बसून कितीदा सांगितलं होतं. वर्ना नसती तर, असं म्हणून.

"हो," वर्ना म्हणाली. "तेव्हासुद्धा."

"पेल्यात बर्फ वाजत होता. मी विचारलं, तर थंड चहा म्हणालात."

"म्हणाले होते."

"बाहेर गुडघाभर हिम होतं, वर्ना. त्या दिवसांत थंड चहा कोण पितं?" ट्रिनाचा आवाज चढला नव्हता. "आणि मी तुमच्या शब्दावर गाडी वळवली."

"वळवलीस ना, पोरी?"

"तुम्ही पीत होतात."

 वर्नाने मूठ उघडली आणि पितळी बिल्ला केकशेजारी टेबलावर ठेवला. पांढरा तेवढा हातात राहिला.

बार्बने घसा खाकरला. तीस वर्षं बैठका चालवून अशा वेळी काय करायचं ते तिला ठाऊक होतं. रीत पुढे चालवायची. पहिला दिवस असलेल्या बाईसाठी एक कोरं कार्ड फिरतं, आणि खोलीतली प्रत्येक जण त्यावर आपलं नाव आणि फोन नंबर लिहिते. बार्बने लिहिलं, लोर्नाने लिहिलं. कार्ड ट्रिनाच्या मांडीवर आलं.

तिचं स्वतःचं कार्ड पाकिटात होतं, घडीवर मऊ पडलेलं. त्यावर सगळ्यात वर वर्नाचा नंबर होता आणि त्याखाली वर्नाच्या तिरक्या अक्षरात, प्यायच्या आधी फोन कर, नंतर नाही. खाली दोन रेघा.

ट्रिनाने कार्ड न लिहिताच पुढच्या बाईकडे धरलं. त्या बाईने हात पुढे केला नाही. ती खाली आपल्या बुटांकडे बघत राहिली.

मग ट्रिनाने पेन घेतलं. तिचा नंबर वर्नाला वर्षभर तोंडपाठ होता, तरी ट्रिनाने तो एकेक आकडा सुटा काढून लिहिला. त्याखाली लिहिलं, प्यायच्या आधी. नंतर नाही. एक रेघ ओढली. दुसरी ओढताना कार्ड फाटलं.