चौदा तासांचा सराव

परदेशात धाकट्या लेकीचं बाळंतपण जवळ आलं होतं आणि आईला जायचंच होतं. थोरल्याचं मात्र एकच पालुपद, "आई, विमानात सलग चौदा तास बसायचं असतं. तुझ्या गुडघ्यांना झेपणार नाही."

आईनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली, कमरेला पट्टा आवळला आणि दिवसभरात पाय मोकळे करायला तेवढी दोनदा उठली.

संध्याकाळी थोरला कामावरून आला आणि थंडगार शेगडी बघून भडकला. "हे काय खूळ, आई? तू अशी बसून राहिलीस तर आम्ही जेवायचं काय?"



"हात्तिच्या! म्हणजे माझ्या गुडघ्यांचं नाव पुढे करून तू तुझं पोट सांभाळत होतास होय? काढ तिकीट."