बेमालूम

गुंडोरावांच्या चामराजपेटेतल्या दुकानात त्या आठवड्यातलं तिसरं सायक्लोस्टाइल यंत्र येऊन बसलं, आणि तिसऱ्यांदा त्यावर त्यांच्या मुलीची, विमलाचीच लग्नासाठीची माहिती चढली. यंत्र निवडायचं तर नमुना छापून बघायला हवा. कागद विक्रेत्याचा, शाईही त्याचीच. मग मुलीच्या स्थळांसाठी फुकटात प्रती निघत असतील तर कोण सोडतो? हुबळी, धारवाड, सोलापूर, सगळीकडे पाठवायच्या होत्या.

आधीच्या दोन यंत्रांच्या बिघडलेल्या प्रती टेबल पुसायला ठेवल्या होत्या. विमलाच्या उंचीवर नि रंगावर कॉफीच्या पेल्यांचे गोल उमटले होते. दुकानातले सगळे स्टेन्सिल चोवीस वर्षांची विमलाच लिहायची, मेणकागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीनं. शाळांच्या प्रश्नपत्रिका असोत की संस्थांच्या नोटिसा, तिचा हात कधी थांबला नव्हता. स्वतःचं वर्णन तिसऱ्यांदा कोरताना मात्र तो शेवटाला येऊन थांबला होता.

विक्रेत्या नागनाथनं अंगठा जिभेला लावून कागद सुटे केले, यंत्राचं हँडल फिरवलं आणि पहिली प्रत गुंडोरावांच्या हाती दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली. अक्षर ठसठशीत होतं, कडा स्वच्छ. समाधानानं मान हलवत ते शेवटच्या ओळीपर्यंत आले आणि थांबले. तिथं लिहिलं होतं, 'मुलीला लग्न करायचे नाही.'

नागनाथनंही वाचलं आणि तो रस्त्याकडे बघायला लागला.

"अण्णा, ते चुकून नाही लिहिलेलं," विमला म्हणाली.

"कळलं."

ते चिडले असते, नागनाथदेखत एक थोबाडीत दिली असती, तरी तिला बरं वाटलं असतं. पण गुंडोराव शांतपणे नागनाथकडे वळले. "स्टेन्सिलमध्ये एखादी ओळ खोडली, तर तुमच्या यंत्रात डाग उठतो काय? परवाच्या यंत्रात चांगला दिसत होता."

नागनाथचा जीव भांड्यात पडला. "छे हो राव, बघाच की." त्यानं स्टेन्सिलवरची शाई टिपली आणि पिशवीतून दुरुस्तीच्या लाल रोगणाची बाटली काढली. "ह्यानं कोरलेली अक्षरं बुजतात. स्वल्प वाळू द्यायचं, बस."

ब्रश गुंडोरावांनी स्वतः घेतला. वरच्या ओळीला धक्का न लावता त्यांनी ती शेवटची ओळ हलक्या हातानं लिंपली आणि ओठांचा चंबू करून तिच्यावर फुंकर घातली. विमला लहानपणी पडली, तिला खरचटलं की ते अशीच फुंकर घालायचे. त्या ओठांची तिला शिसारी आली. तिनं तोंड फिरवलं.

नवी प्रत निघाली. गुंडोरावांनी ती सरळ धरून पाहिली, तिरकी धरून पाहिली, कोऱ्या जागेवरून बोटही फिरवलं. त्यांचा चेहरा खुलला.

"सरी, ठरलं, हेच घेऊ," ते म्हणाले. "इथं काही लिहिलं होतं हे कुणाच्या बापाला कळायचं नाही."

मग बाजूला सरकून त्यांनी विमलाला हँडलजवळ जागा करून दिली. "ये, आता तू फिरव. रोज तुलाच करायचंय. चाळीस काढ."