तीन आकडे जुळले तरी पुरे

"सही सोमवारी करतो," असं म्हणून नानांनी मुखत्यारपत्राची घडी घालून ते मुलाच्या हातात परत दिलं.

असा सोमवार यापूर्वी दोनदा येऊन गेला होता. मायदेशातल्या नानांच्या दोन खोल्या विकायच्या होत्या, गिऱ्हाईक घाई करत होतं आणि नाना काही पेनाला हात लावत नव्हते. मुलाचं म्हणणं सरळ होतं. आई गेली, तिकडे आता आपलं कोण आहे? इथे मुलगा आहे, सून आहे, चोवीस तास गरम पाणी आहे. सहा महिन्यांसाठी आलात, ते कायमचेच राहा.

नानांना घरी जायचं होतं. आपल्या खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हटकायचं होतं, त्याच्या सासरची चौकशी करायची होती. इथल्या खिडकीखालून माणूस जायचा तो कान झाकून, आणि थांबला असता तरी त्याच्याशी बोलायचं कुठल्या भाषेत? तोंडाला कुलूप लागलेल्या माणसाला गरम पाण्याचं कौतुक ते किती असणार.

शेवटी गोष्ट लॉटरीवर आली, तीही जेवताना, थट्टेथट्टेत. कोपऱ्यावरच्या दुकानात तिकिटं मिळायची आणि शनिवारी सोडत निघायची. एकोणपन्नास आकड्यांतले सहा निवडायचे, तीन जुळले तरी छोटं बक्षीस. परदेशी पाहुण्यालाही तिकीट घेता यायचं.

"काढा एक तिकीट," मुलगा म्हणाला. "काहीही लागलं तर शुक्रवारचं विमान. नाही लागलं तर सोमवारी सही."

मुलगा विमा कंपनीत होता. कुठली गोष्ट घडण्याची शक्यता किती, हे सांगण्याचाच त्याला पगार मिळायचा, त्यामुळे तो निर्धास्त होता. तरी आकडे आधी लिहून द्या, मागाहून बदलाबदली नको, हेही त्याने बजावलं.

नानांनी लगेच लिहून दिले: १, ४, २१, २४, ३१, ३४. एक चिठ्ठी फ्रिजवर लागली, तशीच दुसरी त्यांनी खिशात टाकली.

या आकड्यांत काय विशेष, असं सुनेनं विचारलं. दिसायला बरे आहेत, असं नाना म्हणाले. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे ते उत्तर कोणाला वावगं वाटलं नाही. मराठी अंकांचा त्यांचा हट्ट तर घरात चेष्टेचा विषय होता. आल्या आल्या ग्रंथालयाच्या अर्जावर त्यांनी घर क्रमांकही मराठीत लिहिला होता, आणि कार्ड गेलं होतं भलत्याच घरी.

त्या आठवड्यात शनिवारपर्यंत चार दिवस नाना रोज फिरायला गेले. थंडी वाढली होती म्हणून मुलाने जाड कोटासाठी पैसे दिले होते, पण नाना चारही दिवस हात हलवत परत आले. कधी रंग भडक, कधी बाह्या लांब. म्हाताऱ्या माणसाचं दुकानदाराशी जमणं कठीण, असं म्हणून सुनेनं जुन्याच स्वेटरला ठिगळ लावलं.

रविवारी सकाळी नाना फेरफटका मारून आले आणि गपचूप खुर्चीत बसले. मुलाने फोनवर निकाल काढला, फ्रिजसमोर उभा राहून मोठ्याने वाचला. नऊ, सतरा, अठ्ठावीस, तेहतीस, अडतीस, पंचेचाळीस. चिठ्ठीवरचा एकही आकडा त्यात नव्हता.

"हरलो," नाना म्हणाले. "आण तो कागद."

त्यांचा पडलेला चेहरा मुलाला बघवेना. निदान रीतसर हरू द्यावं म्हणून त्याने तिकीट मागितलं. ते हातात घेतलं आणि तो तसाच उभा राहिला. तिकिटावर वेगळेच आकडे होते. आठ, नऊ, अठ्ठावीस, एकोणतीस, अडतीस, एकोणचाळीस.

"नाना, तुम्ही तिकीट वाचलंत का?"

"चष्मा घरी होता. मी चिठ्ठी दिली, दुकानातल्या बाईने तिकीट दिलं."

मग मुलाच्या डोक्यात उजेड पडला आणि तो पोट धरून हसत सुटला. आपला एक दिसतो इथल्या नऊसारखा, आपला चार इथल्या आठासारखा. दोन आणि तीन तेवढे दोन्हीकडे सारखे. दुकानातल्या बाईने आख्खी चिठ्ठी आपल्या डोळ्यांनी वाचली होती, आणि नऊ, अठ्ठावीस, अडतीस असे तीन आकडे जुळले होते.

"हे धरू नकोस," नाना म्हणाले. "चुकीचं तिकीट आहे."

मुलगा मात्र ऐकेना. तिकीट तुमचं, चूक तिची, लागलं ते लागलं. दिल्या शब्दाला जागणारा तो मुलगा होता, आणि ते नानांचेच संस्कार होते. त्याने मुखत्यारपत्र स्वतःच्या हाताने फाडलं आणि विमानाचं तिकीट काढलं.

पुढचे पाच दिवस घरात नुसतं उधाण होतं. नाना बॅग भरताना शीळ घालत होते. सहा महिन्यांत ती शीळ कोणी ऐकली नव्हती. आपण यांना किती कोंडून घातलं होतं हे मुलाला तेव्हा कळलं, आणि हरल्याचा त्याला मनापासून आनंद झाला. शुक्रवारी विमानतळावर नानांनी दोघांना जवळ घेतलं आणि जुन्या स्वेटरमध्ये, ताठ मानेने, मागे वळून न बघता ते आत गेले.

परतताना मुलगा कोपऱ्यावरच्या दुकानात शिरला. नानांचं बक्षीस घेऊन त्यांना पाठवायचं आणि त्या बाईच्या चुकीबद्दल तिचे आभार मानायचे, असं त्याच्या मनात होतं. त्याने तिकीट पुढे केलं. बाईने ते ओळखलं, हसली आणि त्याच्या मागे कोणी आहे का ते पाहू लागली.

"आजोबा नाही आले? चार दिवस इथे उभं राहून, एकाच्या जागी नऊ, चाराच्या जागी आठ, असे आकडे फिरवून फिरवून घेत होते. बाकीची त्रेसष्ट तिकिटं कुठे आहेत?"