थोरलीची कडी

"आज पुरे, आजोबा. वैद्यबुवांनी फार बोलू नका म्हणून सांगितलंय," परिचारिका म्हणाली आणि तिने कढणाचा चमचा म्हाताऱ्याच्या ओठांशी नेला.

ओठांवर आलेली गाथेची कडी म्हाताऱ्याने कढणाबरोबर गिळली. मग तोंड वाकडे केले. "बाई, तुमच्या हाताला मीठ फार! समुद्र ढवळून आणता की काय?"

खाटेपाशी बसलेली बाई खुदकन हसली. परिचारिका हसली नाही.

रुग्णालयाच्या त्या लांबट दालनात त्याला सगळे साखळीवाले आजोबा म्हणत. दोन बहिणींच्या युद्धाची गाथा अथपासून इतिपर्यंत मुखोद्गत असलेला तो अखेरचा मनुष्य. थोरली खाऱ्या पाण्याची देवी, धाकटी गोड्या पाण्याची. नदीच्या मुखाशी दोघी एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या. आकाशातल्या तीन चंद्रांपैकी एक त्या रणात फुटला, आणि उरलेले दोन तेव्हापासून परस्परांत अंतर राखून चालतात. जय कोणाचाच झाला नाही. पुढे दोघींची देवळे ओस पडली आणि लोक नव्या देवांच्या नादी लागले.

गाथेची बांधणी मोठी कौतुकाची होती. एक कडी थोरलीची, दुसरी धाकटीची. मागल्या कडीचा अंत्य शब्द तोच पुढल्या कडीचा आद्य शब्द. आंधळ्याने भिंत धरून चालावे तसा गाणारा शब्द धरून पुढे सरके.

ती बाई रोज दुपारी येई. अंगाने कृश, पावलांचा आवाज नाही. दूरची नात म्हणवून घेई. काखेत पाण्याचा लहानसा घडा आणि मुखी एकच हट्ट, "आजोबा, पुढची कडी म्हणा ना."

"स्मृती निसटत चाललीय," वैद्यबुवा परिचारिकेला म्हणाले. "शिष्य नाही, वारस नाही. देव म्हणे कोणाच्या तरी तोंडी असतो तोवरच असतो. तसं असेल, तर या एका खाटेवर दोन देव्या आपल्या औषधपाण्यावर जगताहेत!" स्वतःच्याच विनोदावर ते पोट धरून हसले. मग गंभीर झाले. "झोपेचा अर्क चमचाभरच. अधिक झाला, तर होतं नव्हतं तेही जाईल."

"मी आहे ना," परिचारिका म्हणाली.

आणि ती होतीच. म्हाताऱ्याची उशी ती नीट करी, त्याची पाठ चोळी. थोरलीची कडी तो म्हणू लागला, की हातातले काम थांबवून ऐके. धाकटीची कडी ओठांवर आली, की तिला त्याच्या श्रमांची आठवण होई. मग चमचा पुढे येई, आणि अर्क ओतताना तिचा हात अंमळ सैल पडे.

एके दुपारी त्या बाईने तिला खिडकीपाशी गाठले.

"ताई, त्यांना मध्येच का थांबवता?"

"त्यांना धाप लागते."

"माझ्याच वेळेला लागते?"

परिचारिकेने औषधांचे तबक पुसायला घेतले. तबकाच्या कडेला, तिची बोटे टेकत तिथे, पांढरे डाग पडले होते. ते पुसून निघत नसत.

"किती काळ झाला, ताई. आता तरी सोडा."

"काय सोडू?"

बाईने घडा उचलला, तेव्हा हात उजेडात आला, आणि तिच्या तळव्यातून पलीकडचे खिडकीचे गज अंधुक दिसले. परिचारिकेने ते पाहिले आणि नजर फिरवली.

"साखळी आहे ती," जाता जाता बाई म्हणाली. "एकटीची नाही."

त्यानंतर ती फिरकली नाही.

"ती मुलगी आली नाही का हो?" म्हाताऱ्याने एकदा विचारले.

"कोणती मुलगी, आजोबा?"

त्याने खाटेपाशच्या रिकाम्या जागेकडे पाहिले. "कोण जाणे," तो म्हणाला.

सुंठीवाचून खोकला गेला! परिचारिकेने अर्काची बाटली कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप घातले आणि रिकाम्या जागी येऊन बसली. कढणाचा वाडगा उशाशी तसाच राहिला.

"म्हणा आता, आजोबा. थोरलीची कडी म्हणा. अगदी सावकाश. कोणी अडवणार नाही तुम्हाला."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. स्वर खणखणीत निघाला.

"थोरली उठली, कोसळले तट,
चंद्रावर थडकली एकेक लाट..."

परिचारिकेचे डोळे भरून आले. असा स्वर तिने देवळे नांदती होती तेव्हा ऐकला होता.

"लाट..." म्हातारा पुटपुटला. "लाट... पुढे काय?"

"मधली सोडा. थोरलीची पुढची घ्या."

"सोडू कशी, बाई? मधलीचा शेवटचा शब्द हाती आल्याशिवाय पुढची सुरूच होत नाही. तुम्हीच सांगा ना. रोज इथेच असता, कानावर पडली असेल की."

धाकटीची एकही कडी परिचारिकेने आजवर पुरी होऊ दिली नव्हती.

"आठवा, आजोबा. पाया पडते, आठवा!"

तो बापडा पुन्हा मुळाकडे वळला. "थोरली... थोरली..." ओठ हलत राहिले, शब्द येईनात. आता ती पहिली कडीही जागेवर नव्हती. अखेर त्याने डोळे उघडले आणि मोठ्या मायेने तिच्याकडे पाहिले.

"कोण हो ही थोरली? तुमच्या नात्यातली का?"

उत्तर द्यावे लागू नये म्हणून तिने वाडगा उचलायला हात पुढे केला. वाडगा जागचा हलला नाही; आणि तिच्या तळव्यातून पलीकडच्या खिडकीचे गज एकेक करून दिसू लागले.