ऑफिस सुटलं

उतू गेलेलं दूध. मीटिंगच्या मध्येच कुकरची शिट्टी. बाहेरच्या खोलीतून हाक, "प्रीती, घरीच आहेस ना, जरा कोथिंबीर निवडून दे."

घरून काम सुरू झाल्यापासून कोलशेतच्या त्या दोन खोल्यांत ऑफिस आणि घर एकमेकांच्या मानगुटीवर बसलेली. शेवटी प्रीतीने शक्कल लढवली. सकाळी बॅग घेऊन जिना उतरायचा, बिल्डिंगला फेरी मारायची आणि वर येऊन आतल्या खोलीत बसायचं, की ऑफिस सुरू. संध्याकाळी पुन्हा तशीच फेरी मारली, की ती घरी आली.

"अगं, लोक येडी म्हणतील तुला!" सासरे पोट धरून हसले होते.

आज संध्याकाळची फेरी मारून ती जिना चढली, तर आत तिचा फोन वाजत होता. साहेबच असणार. म्हणजे लेकीबरोबरचा कॅरम आजही बुडाला. ती दाराशीच थबकली. सासऱ्यांनी फोन स्पीकरवर घेतला.

"प्रीतीला जरा लगेच कामाला बसवा."

"ती ऑफिसातून निघाली."

"अहो काका, ती घरूनच काम करते ना?"

"हो ना. पण आता रस्त्यात आहे, आणि घोडबंदरचं ट्रॅफिक तुम्हाला माहितीये. उद्या सकाळी ऑफिसातच भेटा तिला."

फोन बंद झाला. प्रीतीने ताठ मानेने बेल वाजवली.

"समृद्धी, आई आली बघ. मांड कॅरम!"

सासरे कारखान्यात फिटर होते, तेव्हा सुटीचा भोंगा झाला की हातातला पाना तिथेच ठेवून निघायचे.