साडेदहाची हजेरी

साडेदहा वाजले तशी अक्षता मॅडमनी अकरा लॅपटॉप उघडायला लावले. वर्गात मुलं मात्र आठच होती.

रेंज गेली होती. पडद्यावरचं चक्र घाण्याच्या बैलासारखं गरगरत होतं आणि हजेरी काही ढगात चढत नव्हती. ढगात म्हणजे लॅपटॉप देणाऱ्या कंपनीच्या कुठल्याशा लांबच्या कॉम्प्युटरवर. लॅपटॉप वाटायला आलेल्या साहेबानं तसंच सांगितलं होतं. माणदेशात येऊन ढगावर एवढा भरवसा ठेवणारा माणूस बाहेरगावचाच असणार.

गैरहजर तिघं मेंढरांमागं गेलेली. त्यांचे लॅपटॉप शेजारच्या मुलांनी उघडले. अडीनडीला एकाची मेंढरं दुसऱ्यानं राखायची, ही त्या धनगरवाडीची रीतच. मुलांनी ती शाळेत आणली आणि मॅडमनी आणू दिली. हजेरी दहाच्या खाली गेली तर शाळा बंद होईल, असं वरून बजावलेलं. मग ही चिमुरडी पोरं ओढा ओलांडून चार किलोमीटर जाणार कशी? खोटं होतं खरं, पण मायेपोटी होतं. असलं खोटं माणसाच्या लवकर अंगवळणी पडतं.

सहावीतल्या समीक्षाचा लॅपटॉप तिची मैत्रीण स्वप्नाली चालवायची. आधी आपला धडा, मग तिचा. मॅडमनी टेबलावरच्या लॅपटॉपवर अकराही नावांपुढं ‘हजर’ दाबलं होतं आणि चक्र थांबायची वाट बघत त्या बसल्या होत्या.

तेवढ्यात दारात समीक्षाचा बाप येऊन उभा राहिला. बिराप्पा. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं, हातात पिशवी. दिवाळीपासून तो बायकोला घेऊन कोरेगावकडच्या रानात खतासाठी मेंढरं बसवत होता. दोन एसट्या बदलून आला होता, तरी तोंडावर शिणवटा नव्हता.

“घरी न्हाई गेलो अजून, बाई. म्हनलं आधी लेकीला बघू.” त्यानं पिशवीतून नव्या चपला काढल्या. एका चपलेच्या पट्ट्याला सुताचा दोरा गुंडाळलेला होता. “तिच्या पायाचं माप दिवाळीतच ह्या दोऱ्यानं घिऊन ठिवलं हुतं. ईसात अठरा मार्क पडल्यात न्हवं? रानमालकानं मेसेज वाचून दावला. हाक मारा की तिला.”

स्वप्नालीनं हात बाकाखाली घेतले.

मॅडम हसल्या. “अहो, ती तुमच्याकडंच आहे ना?”

“आमच्याकडं?”

“मेंढरांच्या तळावर. आईची आठवण येते म्हणाली. भामाबाईंनीच एसटीत बसवून दिलं तिला. मागच्या आठवड्याच्याही मागच्या शुक्रवारी.”

भामाबाई म्हणजे बिराप्पाची म्हातारी आई. समीक्षा तिच्याचपाशी राहायची. म्हातारीकडं फोन नव्हता.

बिराप्पा लहान मुलाची समजूत घालावी तसं बोलला. “न्हाई बाई. ती हितंच हाय. रोज शाळंत येती. हजेरी लागली की माज्या मोबायलवर मेसेज येतोय.” त्यानं बंडीच्या खिशातून मोबाइल काढला. “मला वाचाय येत न्हाई. म्हनून तिनंच शाळंच्या मेसेजला आपल्या ढोलाचा आवाज लावून दिलाय. रोज साडेधा-अकराला वाजतोय. वाजला की तिची आई म्हनती, पोचली लेक. मगच आमी कळप हलवतो.”

मॅडमचं हसू तोंडावरच सुकलं. आजीला वाटत होतं, नात तळावर आहे. तळावर वाटत होतं, लेक शाळेत आहे. आणि शाळेनं ती वर्गात नाही हे ठाऊक असून रोज सकाळी बटण दाबलं होतं. बारा दिवस. बारा दिवसांत कुणी तिला शोधलंच नव्हतं.

“कुणासंगं गेली?” बिराप्पानं विचारलं.

“एकटीच. कोरेगावला तुम्ही घ्यायला येणार, असं…”

“मला कुनी सांगितलं?”

स्वप्नाली उभी राहिली.

“मामा, ती अठरा मार्कं माजी हायती.”

बिराप्पानं तिच्याकडं बघितलं. मग तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं, आणि त्या जागेपुढं उघड्या असलेल्या लॅपटॉपकडं. त्यावर समीक्षाचा दोन वेण्या घातलेला फोटो होता. फोटोखाली लेकीचं नाव असणार, एवढं त्याला वाचता न येताही कळलं.

“मग बाई,” तो हळू म्हणाला, “इतकं दीस हजर कोन हुतं?”

मॅडमनी पोलीसपाटलांचा नंबर लावला. फोन लागेना. त्या खिडकीपाशी गेल्या, हात गजांतून बाहेर काढून मोबाइल उंच धरला, पुन्हा लावला. बिराप्पा चपला छातीशी धरून तसाच उभा होता. दोरा सुटून खाली लोंबत होता.

मग रेंज आली.

टेबलावरचं चक्र थांबलं. अकरा नावांपुढं एकामागोमाग एक हिरवी खूण उमटत गेली. मॅडम खिडकीपासून धावत आल्या, पण हजेरी चढली होती, आता ती पुसता येणार नव्हती.

बिराप्पाच्या मुठीत ढोल वाजला.

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. “पोचली लेक,” म्हणत चपला पुढं धरून तो दाराकडं वळला.