खरवडलेलं लेबल

“नाव सांग आणि मला मोकळं कर,” बाबा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.

समोरच्या दुकानातली कर्णेवाली त्यांना भेटायला हॉस्पिटलात आली होती. तिने उशाजवळच्या कपाटावरचा औषधांचा ट्रे उचलून बाबांच्या लेकीच्या हातात दिला, सूपचा हात न लावलेला वाडगा बाजूला सारला आणि तिथे आपला पेटीतला रेकॉर्ड प्लेअर मांडला. लेक बघतच राहिली. इथे कुणाचा मोबाइल वाजला तरी सिस्टर डोळे वटारायच्या, आणि ही बाई अर्धं दुकान घेऊन आली होती.

सुई टेकली. आधी नुसती खरखर. मग ड्रमवर एक थाप, पत्र्याच्या छपराखाली पडावी तशी, आणि तिच्यामागून बेस, सावकाश, पोटातून चालत आलेला. जमैकातल्या कुठल्याशा जुन्या स्टुडिओत, एका खोलीत बसून सगळ्यांनी एका दमात वाजवलेलं गाणं. मध्येच कुणीतरी खुर्ची सरकवतो, तेही त्यात तसंच राहिलेलं. आणि या सगळ्याच्या वर तो आवाज. अंगावर धावून येणाऱ्या जगाला हात दाखवून थांबवणारा.

सिस्टर तावातावाने आत आल्या. “हे काय चाललंय?”

“इलाज,” कर्णेवाली म्हणाली. “तुमचा लागू पडेना, म्हणून माझा.”

सिस्टर काही बोलणार होत्या. पण त्यांची नजर पेशंटच्या हाताकडे गेली. पांघरुणावर एक बोट ठेका धरत होतं. “दार तरी लावून घ्या,” असं पुटपुटून त्या निघून गेल्या.

बाबा आणि कर्णेवाली, दोघांचाही धंदा लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा. दुकानं एकाच रस्त्यावर, समोरासमोर. लोकांना हवी असायची चालू फॅशनची गाणी. ही दोघं मात्र स्पीकर तपासायच्या निमित्ताने आधी आपलं जमैकाचं जुनं रेगे संगीत वाजवून घ्यायची. गिऱ्हाइकं वैतागायची, ऑर्डरी जायच्या, पण मागे हटायला दोघंही तयार नव्हती. त्या गाण्यांचे वेडे गावात दोनच, आणि त्या दोघांचं आपसात पटत नव्हतं.

जमैकातल्या साउंडवाल्यांची, म्हणजे रस्त्यावर स्पीकर लावून गाणी वाजवणाऱ्यांची, एक जुनी खोड होती. भारी रेकॉर्ड हाती लागली की तिचं लेबल खरवडून टाकायचं, म्हणजे शेजारच्याला गायकाचं नाव कळत नाही आणि तो तीच रेकॉर्ड आणू शकत नाही. कर्णेवालीकडे अशी एक होती. बाबा दर शुक्रवारी दुकान बंद केलं की रस्ता ओलांडून जायचे, स्टुलावर बसून ते गाणं ऐकायचे आणि अंदाजाने एका गायकाचं नाव घ्यायचे. ती मान हलवायची. बाबा दातओठ खात परत यायचे. लेकीने एकदा गुपचूप तो आवाज फोनमधल्या गाणी ओळखणाऱ्या ॲपला ऐकवला होता. फोनने बराच वेळ विचार केला आणि हात टेकले. बाबांना हे कळलं तेव्हा ते तिच्याशी धड बोलेनात. “यंत्राला विचारून जिंकण्यापेक्षा हरलेलं बरं,” एवढंच म्हणाले.

आणि आता ऑपरेशन नीट होऊनही त्यांनी अन्न सोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, शरीर तयार आहे, माणूसच तयार नाही. बाबांनी दुकानाच्या किल्ल्या देऊन टाकल्या, स्पीकर वाटून टाकले. ते एक नाव तेवढं राहिलं होतं.

गाणं संपलं.

“सांग,” बाबा म्हणाले.

“घरी चला, मग सांगते.”

“मी आता घरी येत नाही.”

“मग राहिलं.” तिने पेटीचं झाकण लावलं. “वर गेलात की त्या गायकालाच विचारा. पण मला नाही वाटत तो तुम्हाला ओळख देईल.”

पेटी उचलून ती बाहेर पडली. लेक तणतणत तिच्यामागे व्हरांड्यात आली.

“काकू, एक नाव तर आहे. मरणाऱ्या माणसाला तेवढंही देता येत नाही तुम्हाला?”

“मरणाऱ्या माणसाला नाहीच देणार.”

“मग मला सांगा. मी सांगते त्यांना.”

कर्णेवाली बाकावर बसली. रेकॉर्ड काढून तिने मांडीवर ठेवली. मधलं लेबल पार ओरबाडलेलं होतं, एक अक्षर शिल्लक नव्हतं.

“हे मी खरवडलं असं तुझ्या बाबांना वाटतं. मी घेतली तेव्हाच ती अशी होती.”

“म्हणजे तुम्हाला...”

“मला काय माहीत कोण गातोय.”

लेक शेजारी बसली. “अहो, बाबांनी इतकी नावं घेतली. तुम्ही प्रत्येकाला नाही म्हणालात. त्यातलं एखादं बरोबरही असेल.”

“असेल की.” कर्णेवालीने पदराने रेकॉर्डवरची धूळ टिपली. “पण हो म्हटलं असतं, तर पुढच्या शुक्रवारी ते कशाला आले असते? हे ऐकायला रस्ता ओलांडणारं दुसरं होतं कोण?”

लेकीला चिडायचं होतं. तेवढा राग आता जमेना. ती उठून आत गेली.

बाबा कोपरावर रेलून अर्धे उठले होते. डोळे सताड उघडे. “काय झालं? बोलली का ती?”

लेकीने वाडगा जवळ ओढला, थंड झालेलं सूप ढवळलं आणि चमचा भरून त्यांच्या तोंडासमोर धरला.

“सांगितलं मला,” ती म्हणाली. “तुम्ही आजवर घेतलेल्या नावांत ते नव्हतंच, बाबा.”